फुकटचं इंग्रजी ऐकणं-वाचणं: पावसाळ्यापासून शिगम्यापर्यंत वापरल्यावर

गोव्यात डिचोलीला मी घरी शिकवणी घेते, आठवी ते दहावीच्या पोरांची. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही इंग्रजी ऐकण्याचा आणि उतारे समजून वाचण्याचा सराव सुरू केला, तोही नेटवर फुकट मिळणाऱ्या साहित्यावर. आता शिगमाही, म्हणजे आमच्याकडचा होळीचा सणही, उरकला. मुख्य आधार ब्रिटिश कौन्सिलच्या ‘लर्नइंग्लिश टीन्स’चा, जोडीला बीबीसी, व्हीओए (व्हॉइस ऑफ अमेरिका) आणि आपली आकाशवाणी. माझं मत आधीच सांगून टाकते: साहित्य चांगलं आहे, पण नुसते प्रश्न सोडवून पुढे गेलात तर अर्धाच फायदा पदरात पडेल. खरा माल प्रश्नांत नाही. तो प्रश्नांच्या खाली दिलेल्या ट्रान्स्क्रिप्टमध्ये, म्हणजे ध्वनिफितीतलं बोलणं जसंच्या तसं लिहिलेल्या मजकुरात आहे आणि तिथपर्यंत पोरं सहसा जातच नाहीत.

आमच्याकडे येणारी बहुतेक पोरं चौथीपर्यंत सरकारी मराठी शाळेत शिकलेली. पाचवीत हायस्कूलला गेली की एका सुट्टीच्या अंतराने गणित, विज्ञान, इतिहास सगळं इंग्रजीतून. मग आठवी-नववीपर्यंत त्यांचं इंग्रजी एका ठरावीक साच्यात तयार होतं. स्पेलिंग पाठ, व्याख्या पाठ, आणि तोच शब्द कानावर पडला तर ओळख नाही. मराठी जसं लिहितो तसं वाचतो, तीच सवय इंग्रजीलाही लागते. ‘कम्फर्टेबल’ हा शब्द वहीत कितीदा लिहिलेला असतो, पण ध्वनिफितीतली बाई ‘कम्फ्टबल’ म्हणाली की प्रश्न येतो, “बाई, हा कुठला शब्द?” कळंगुट-बागाकडच्या पोरांचं वेगळं असेल, त्यांच्या कानावर पर्यटकांचं इंग्रजी लहानपणापासून पडतं. डिचोली-सत्तरीत इंग्रजी म्हणजे फळ्यावरचं आणि पुस्तकातलं.

‘लर्नइंग्लिश टीन्स’ हे १३ ते १७ वयाच्या मुलांसाठी आहे. त्यातल्या पातळ्या इयत्तेप्रमाणे नाहीत, ए१ (अगदी सुरुवात), ए२, बी१ असं चढत सी१ (बरीच वरची) पर्यंत, भाषा किती येते ते मोजणाऱ्या युरोपच्या सीईएफआर मोजपट्टीप्रमाणे आहेत. इथे पालकांची हमखास गल्लत होते. मूल नववीत आहे म्हणजे अमुक पातळी, असं काही नसतं. माझी नववीची पोरं वाचनात बी१ ला व्यवस्थित बसली आणि ऐकण्यात ए२ लाच धापा टाकत होती. तेव्हा दोन्हींना एकच पातळी लावू नका. ऐकण्यात एक पायरी खाली उतरायला लाज वाटायचं कारण नाही, पोरांना तर ती अजिबात वाटत नाही, वाटते ती आईबापांना.

ऐकण्याच्या धड्याची रचना साधी आहे. आधी शब्द आणि अर्थ यांच्या जोड्या, मग ध्वनिफीत, तिच्यावर प्रश्न, मग ट्रान्स्क्रिप्ट आणि शेवटी चर्चेला एखादा प्रश्न. वर्कशीट छापून घेता येते, हे मला सगळ्यात सोयीचं वाटलं, कारण शिकवणीत सगळ्यांकडे फोन नसतो आणि नसलेलाच बरा.

आमची पद्धत हळूहळू ठरत गेली. पहिल्या वेळी वही-पेन बाजूला ठेवायचं, नुसतं ऐकायचं आणि काय चाललंय ते मराठीत सांगायचं. मराठीत म्हटल्यावर एक-दोन पालकांनी नाक मुरडलं. पण मला समज तपासायची होती, बोलणं नाही. इंग्रजीत सांगायला लावलं की वाक्य चुकेल या भीतीने पोर कळलेलंसुद्धा गिळून टाकतं. दुसऱ्या वेळी समोर प्रश्न घेऊन ऐकायचं. तिसऱ्या वेळी छापील ट्रान्स्क्रिप्ट हातात घ्यायची आणि जिथे कान घसरला तिथे पेन्सिलीने रेघ मारायची.

या रेघांनी मला जे शिकवलं ते बीएडमध्ये कोणी शिकवलं नव्हतं. मला वाटायचं की पोरं अवघड शब्दांवर अडतात. रेघा तिथे नव्हत्याच. ‘एन्व्हायर्नमेंट’, ‘पोल्यूशन’ सगळ्यांना ऐकू येत होतं. रेघा होत्या ‘ऑफ’, ‘टू’, ‘हॅव’, ‘देम’ यांच्याखाली, म्हणजे पहिलीतल्या पोरालाही लिहिता येतील अशा शब्दांखाली. इंग्रज माणूस बोलताना वाक्यातल्या एक-दोन शब्दांवर वजन टाकतो आणि बाकीचे चेपून टाकतो. ‘शुड हॅव गॉन’ चं ‘शुडव गॉन’ होतं, ‘कप ऑफ टी’ चं ‘कपव टी’. मराठीत आपण अक्षराअक्षराला जवळपास सारखा वेळ देतो. त्यामुळे आपला कान एकेक शब्द नीट वाजायची वाट बघत राहतो आणि तोवर वाक्य पुढे निघून गेलेलं असतं.

सगळ्यात मोठा घोटाळा ‘कॅन’ आणि ‘कान्ट’चा. ब्रिटिश बोलण्यात ‘कान्ट’ लांबवतात, त्यामुळे तो सहज कळतो. अमेरिकन बोलण्यात नकाराचा शेवटचा ‘ट’ बहुधा जिभेवरच अडतो, आणि ऐकणाऱ्याला ‘कॅन’ असंच काहीतरी ऐकू येतं. होकारातला ‘कॅन’ मात्र चेपून नुसता ‘कन’ होतो. म्हणजे अमेरिकन माणसाच्या वाक्याच्या मधोमध ‘कॅन’ ठसठशीत ऐकू आला, तर तो बहुतेक नकारच! एका ध्वनिफितीतला मुलगा शनिवारी येणार असं सगळ्या वर्गाने लिहिलं होतं आणि तो येणार नव्हता. एक पोरगी जवळजवळ भांडायलाच उठली, “बाई, त्याने ‘कॅन’च म्हटलं.” मग तोच तुकडा पुन्हा पुन्हा लावला, ट्रान्स्क्रिप्टवर बोट ठेवून. तिला फरक ऐकू आला तेव्हा तिने बाकीच्यांना तो ऐकवायची जबाबदारी स्वतःकडे घेतली. मला आयती मदतनीस मिळाली.

आकड्यांचंही तसंच. ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’ यांतला फरक आम्ही शेवटच्या ‘न’वर शोधतो, इंग्रज तो वजनावर दाखवतो: ‘थर्टीन’मध्ये जोर शेवटी, ‘थर्टी’मध्ये सुरुवातीला. यावर थोडा वेळ घालवलात तर तारखा-किमतींचे प्रश्न आपोआप सुटतात.

बाकीच्या साधनांबद्दल थोडक्यात. बीबीसी १९४३ पासून इंग्रजी शिकवतेय आणि तिचं ‘सिक्स मिनिट इंग्लिश’ दहावीच्या बऱ्या पोरांना चालतं, आठवीला नाही. दोन निवेदक गप्पा मारतात, सुरुवातीला तीन पर्यायांचा एक प्रश्न टाकतात आणि उत्तर शेवटी देतात. या प्रश्नावर पोरं पैजा लावतात, म्हणून सहा मिनिटं कोणी जागचं हलत नाही. व्हीओएने १९५९ मध्ये ‘स्पेशल इंग्लिश’ सुरू केलं: सुमारे १५०० शब्दांचा साठा, लहान वाक्यं, संथ वाचन. घाबरलेल्या पोराला सुरुवातीला हेच द्यावं. मात्र भीती गेली की थांबवा, नाहीतर संथपणाचीच सवय लागते. मार्च २०२५ मध्ये व्हीओएच्या कर्मचाऱ्यांना रजेवर धाडण्यात आलं, तेव्हा आम्ही जुन्या साठ्यावरच भागवलं. विज्ञान-आरोग्याचे जुने लेख शिळे होत नाहीत.

आकाशवाणीचं रात्री नऊचं इंग्रजी बातमीपत्र मी गृहपाठाला लावलं. १५ मिनिटं, स्वच्छ भारतीय उच्चार, नावं ओळखीची. दुसऱ्या दिवशी येऊन दोन बातम्या सांगायच्या. एका घरी यामुळे आजोबांचा आणि मालिका बघणाऱ्यांचा वाद झाला असं कानावर आलं. आजोबा माझ्या बाजूने होते.

गुणांबद्दल सावध राहा. तीन पर्यायांतून अंदाजे टिचकी मारली तरी तीनात एकदा बरोबर येतं, आणि पडद्यावर हिरवी खूण दिसली की पोर पुढचं काही बघत नाही. शिवाय प्रश्नकर्ते सापळे लावतात. ध्वनिफितीतली मुलगी आधी तीन वाजता भेटू म्हणते, मग काहीतरी आठवतं आणि साडेचार ठरतं. पहिला आकडा ऐकला की पोरांनी लिहून मोकळं व्हायचं, हे ठरलेलं. म्हणून मी नियम केला: उत्तर बरोबर असो की चूक, ट्रान्स्क्रिप्टमधली ओळ दाखवायची. पुरावा नसेल तर गुण नाही. पहिले काही आठवडे सगळे वैतागले, नंतर एकमेकांचे पुरावे तपासायला लागले. कोर्टात असल्यासारखे.

हाच नियम वाचनाला लावला तेव्हा वेगळंच उघडं पडलं. उताऱ्यावरच्या प्रश्नांत आमची पोरं वाचत नाहीत, शब्द जुळवतात. मी एक छोटा उतारा रचून दिला होता. त्यात ‘सिन्स द रेन्स हॅड फेल्ड’ (पाऊस न झाल्यामुळे) असं एक वाक्य, मग शेताचं वर्णन, मग शेतकऱ्याने बैल विकल्याचं वाक्य. प्रश्न: बैल का विकले? जवळजवळ सगळ्यांनी ‘सोल्ड’ शब्द असलेली ओळ उचलून उतरवली, कारण प्रश्नात ‘सेल’ होतं. कारण दोन ओळी वर बसलं होतं, आणि ‘सिन्स’ म्हणजे ‘पासून’ एवढंच डोक्यात असल्याने ते कोणाला दिसलं नाही. अशा जुळवाजुळवीवर शाळेच्या अनसीन पॅसेजमध्ये बऱ्यापैकी गुण मिळून जातात, तिथेच खरी गोम आहे. ‘टीन्स’मधले बी१ आणि त्यावरचे उतारे मात्र उत्तर वेगळ्या शब्दांत लपवतात. तिथे ही युक्ती चालत नाही आणि पोरांना ते लगेच जाणवतं.

दुसरी अडचण भाषेची नाही, माहितीची. चॅरिटी शॉप (दानात आलेल्या वस्तू विकून निधी जमवणारं दुकान), गॅप इयर (शाळा आणि कॉलेजच्या मध्ये घेतलेलं मोकळं वर्ष), शाळेत केक विकून निधी जमवणं, हे सगळं ब्रिटनमधल्या पोरांच्या रोजच्या जगण्यातलं. आमच्या पोरांना शब्द कळतात, प्रसंग कळत नाही. म्हणून दर आठवड्याला एक उतारा मी इथल्याच इंग्रजी दैनिकातून घेते. म्हादई नदीच्या पाण्यावरून कर्नाटकाशी चाललेल्या वादाची बातमी दिली तेव्हा ‘ट्रायब्यूनल’, ‘डायव्हर्जन’ यांसारख्या शब्दांवर कोणी अडलं नाही. लवादाचा निवाडा २०१८ चा, घरात तेव्हापासून चर्चा ऐकलेली. लोहखनिजाच्या खाणींवरची बातमी तर त्याहून सोपी गेली. २०१२ ची खाणबंदी आणि २०१८ ची खाणबंदी डिचोलीत कोणाला समजावून सांगावी लागत नाही, कोणाचा तरी ट्रक घराबाहेर उभाच राहिलेला असतो. ज्या पोराला बी१ चा उतारा जड जात होता त्याने ती अख्खी बातमी वाचून पत्रकाराची चूक काढली, ट्रकमालकांबद्दलची. ती खरंच चूक होती का ते मला ठरवता आलं नाही, पण त्याने वाचलं होतं एवढं नक्की.

अगदीच मागे असलेल्यांना प्रथम बुक्सचं ‘स्टोरीवीव्हर’ दिलं. २०१५ पासून सुरू असलेला हा गोष्टींचा फुकट साठा आहे आणि बऱ्याच गोष्टी मराठीत, काही कोकणीतही मिळतात. आधी मराठीत वाचायची, मग तीच इंग्रजीत. चित्रं लहान मुलांची असल्याने आठवीतला पोरगा सुरुवातीला खट्टू होतो. त्याला धाकट्या भावाला वाचून दाखवायचं काम द्या, म्हणजे मान राहतो.

एक पैशांचं ॲपही मध्यंतरी घेऊन बघितलं. नाव घेत नाही. रोजची साखळी, पदकं, टाळ्यांचे आवाज, सगळं होतं. ट्रान्स्क्रिप्ट नव्हती. आवाज यंत्राचा, प्रत्येक शब्द सुटा सुटा आणि स्वच्छ, म्हणजे जी अडचण सोडवायची तीच गाळून टाकलेली. पोरांना शंभरपैकी नव्वद मिळायला लागले आणि ‘टीन्स’वर परत आलो तर कान तिथल्या तिथे. वर मुदत संपल्यावर पैसे आपोआप कापले गेले, ते परत मिळवताना फोनवर जे इंग्रजी ऐकावं लागलं त्याला ट्रान्स्क्रिप्ट नव्हती.

आता सोयी-गैरसोयींचं. जुलैत पत्र्यावर पाऊस कोसळत असताना स्पीकरवर काही ऐकवता येत नाही, आणि वीज गेली की रेंजही जाते. बीबीसी आणि व्हीओएच्या एमपी३ फाइल उतरवून ठेवता येतात, त्या आधीच फोनमध्ये असू द्या. एका फोनला दोन इअरफोन जोडणारी पिन बाजारात स्वस्त मिळते. दोघांना जोडीने ऐकायला बसवलं की एकाचं सुटलेलं दुसरा सांगतो. महागड्या हेडफोनची गरज पडली नाही.

दहावीवाल्यांना एक सांगते. जानेवारीनंतर नव्याने ऐकण्याचा सराव सुरू करू नका. लेखी पेपरला त्याचा थेट उपयोग नाही आणि कानाला फरक जाणवायलाच काही महिने लागतात. तेव्हा फक्त उतारे घ्या, पुराव्याच्या नियमासकट. ऐकण्याला योग्य वेळ आठवीची. आमच्याकडे जी आठवीत सुरू झाली त्यांना आता ए२ पोरखेळ वाटतो, दहावीतली अजून ‘कॅन’वर अडखळतात. बोलण्याचा सराव मात्र यातल्या कशानेच होत नाही. त्यासाठी जूनपासून शनिवारचा एक तास वेगळा काढणार आहे, त्यात फोन बंद.