पिशवीचा गोबरगॅस: उन्हाळा, पावसाळा आणि थंडी काढल्यावर

आमचा मळा पलूस तालुक्यात, कृष्णेपासून फार लांब नाही. जुनं कौलारू घर, मागं गोठा, विहीर आणि थोडी उंचावरची मोकळी जागा. तिथलं गुऱ्हाळ बंद पडून जमाना झाला, तरी घरात तिला अजून 'गुऱ्हाळ'च म्हणतात. गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाला आम्ही तिथं २ घनमीटरचा पिशवीचा गोबरगॅस बसवला. आता संक्रांतही झाली. पहिली ज्योत पेटली की लगेच 'एक नंबर' म्हणून फोटो टाकणारे पुष्कळ आहेत. मला तिन्ही ऋतू बघायचे होते.

कंपनीचं नाव लिहीत नाही. बाजारात तसल्या बऱ्याच पिशव्या आहेत आणि आतलं काम सगळ्यांचं सारखंच: एका तोंडातून शेण-पाणी आत, दुसऱ्या तोंडातून कुजलेल्या शेणाची पातळ रबडी बाहेर, वर साठलेला गॅस नळीनं स्वयंपाकघरात. आम्हाला खड्डा, नळी, शेगडी धरून खर्च चाळीस हजारांच्या पुढं गेला. केंद्राच्या राष्ट्रीय बायोगॅस कार्यक्रमात २ ते ४ घनमीटरला सर्वसाधारण गटासाठी १४,३५० रुपयांचं अनुदान ठरलेलं होतं. योजना चालू आहे का, उद्दिष्ट शिल्लक आहे का, हे आधी पंचायत समितीच्या कृषी विभागात विचारा आणि मगच खड्डा काढा. आधी बसवून मागनं कागद रंगवत बसलं की नुसते हेलपाटे होतात.

या घराला गोबरगॅस नवा नाही. १९८१-८२ साली केंद्रानं बायोगॅसचा राष्ट्रीय प्रकल्प सुरू केला, त्यानंतर गावोगाव टाक्या झाल्या. त्यातलीच एक मामंजींनी बांधली होती. विटांची गोल विहीर आणि तिच्यावर तरंगणारी लोखंडी टाकी. त्या टाकीच्या वजनानंच गॅसला दाब मिळायचा, ज्योत ताठ असायची, असं आत्याबाई सांगतात. पण रबडी टेकते त्या रेघेला लोखंड गंजतं. दरवर्षी रंग द्यायला हवा, तो राहिला, भोकं पडली आणि तोवर सिलिंडर दारात यायला लागला. त्यामुळं आम्ही परत गोबरगॅसचं नाव काढलं तेव्हा आत्याबाई एवढंच म्हणाल्या, "आणा की. पर रोज कालवणार कोण, ते आधी ठरवा."

सगळा अनुभव त्या एका वाक्यात आहे. हे यंत्र नव्हे, दावणीला बांधलेलं आणखी एक जनावर आहे. त्याला रोज खायला लागतं, वेळेवर लागतं आणि खाण्यात भलतंसलतं आलं की पोट बिघडतं. लग्नकार्याला दोन दिवस घर बंद करून गेलो तर चालतं. आठवडाभर गेलो तर कुणाला तरी सांगूनच जावं लागतं.

२ घनमीटरला रोजचं पन्नास किलोच्या आसपास ताजं शेण लागतं. आमच्याकडं दोन म्हशी, एक गाय, एक खिलार खोंड आणि वासरं आहेत, त्यामुळं जेमतेम भागतं. मधे एक म्हैस विकली तेव्हा चारच दिवसांत संध्याकाळच्या आमटीला सिलिंडर पेटवावा लागला. एकच गाय असलेल्या घरानं ही २ घनमीटरची पिशवी घेऊ नये. विकणारा 'स्वयंपाकघरातला ओला कचरा टाका की' म्हणेल. चार माणसांच्या घरात कचरा निघतो किती! त्यात लिंबाच्या साली आणि लोणच्याचा खार गेला तर फायद्यापेक्षा तोटाच.

शेणाला तेवढंच पाणी. कालवताना हात घालावाच लागतो, काठीनं गोळे फुटत नाहीत. हातावरून सरळ ओघळावं, पण पाणी वेगळं दिसू नये, इतपत झालं की सोडायचं. खरं जिकिरीचं काम वेगळंच. उसाचं वाडं घातलं की शेणात लांब तंतू येतात, दावणीतली कडब्याची धाटं मिसळतात. ते आत गेले तर वर तरंगून जाड साय धरते आणि गॅस खालीच अडकतो. म्हणून मी पिशवीच्या तोंडाशी लोखंडी जाळी ठेवलीय आणि अडकलेलं उचलून उकिरड्यावर टाकते. गोठ्यातली माती-खडे आत गेले तर तळाला बसतात, आणि पिशवीचा तळ उपसणं हे कुणाच्या घरचं काम नव्हे. फिनेल टाकून धुतलेलं गोठ्याचं पाणी आणि औषध चालू असलेल्या जनावराचं शेण, ही दोन्ही आमच्यात बाजूला जातात. आतले जिवाणू मेले तर गॅस कोण करणार?

जागेचं थोडं सविस्तर लिहिते, कारण नदीकाठच्या गावांत हाच प्रश्न आधी येतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आमच्या गोठ्यात कमरेएवढं पाणी होतं. गोठ्याशेजारी खड्डा घेणं सोयीचं, हे कुणीही सांगेल. पण तसल्या पुरात पिशवी उचलून निघाली असती. म्हणून गुऱ्हाळाची उंच जागा धरली. त्याची किंमत म्हणजे शेण चढावर न्यायचं. सुरुवातीला घमेली डोक्यावर, मग दिरांनी जुन्या मोपेडची चाकं लावून हातगाडा केला. घरात असल्या कामाचा नाद फक्त त्यांनाच. मात्र रबडी उताराला आपोआप खाली येते आणि ती कुठं घ्यायची याचं उत्तर तयारच होतं: मामंजींची जुनी विटांची विहीर. दोघा भावांनी ती उपसली, आतून गिलावा केला, वर फळ्यांचं झाकण बसवलं. पिशवीच्या रबडीला चाळीस वर्षांपूर्वीचा हौद मिळाला.

पहिलं भरण मोठं असतं. शेजारच्या वस्तीवरून ट्रॉलीनं शेण आणलं. उन्हाळा असल्यानं तीन-चार आठवड्यांत पिशवी फुगली. पहिला गॅस पेटत नाही, त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. तो उघड्यावर सोडून द्यायचा. चालू झालेल्या गॅसमध्ये मिथेन साधारण ५५ ते ६५ टक्के. म्हणून सिलिंडरची शेगडी याला चालत नाही, मोठ्या भोकाची वेगळी शेगडी घ्यावी लागते.

आता स्वयंपाक. ज्योत निळी आणि इतकी फिकी की दिवसा उजेडात पेटलीय का ते हात जवळ नेल्याशिवाय कळत नाही. दूध, भात, आमटी, चहा, सगळं बिनबोभाट. भांडी काळी होत नाहीत. वासाची भीती सगळ्यांना असते. जळताना वास येत नाही, गळती असेल तरच सडक्या अंड्याचा येतो, आणि तो आलेला बराच. भाकरी मात्र मवाळ येते. तव्यावर भाजते, पण ज्योतीवर धरल्यावर पापुद्रा टम्म सुटत नाही. पिशवीवर पट्टे टाकून वाळूची पोती अडकवली तसा दाब वाढला आणि फरक पडला. तरी आत्याबाई भाकरी चुलीवरच करतात आणि खरं सांगायचं तर त्यांचीच चांगली लागते. अंघोळीचं पाणीही बंबावरच तापतं. त्यासाठी गॅस जाळणं परवडत नाही.

हिशेब असा: १ घनमीटर गॅस म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम एलपीजी. त्या मापानं २ घनमीटरमधून महिन्याला १४.२ किलोच्या जवळपास दोन टाक्या सुटायला पाहिजेत. हे झालं कागदावरचं. आमची टाकी आधी महिनाभर जायची, ती उन्हाळ्यात जवळजवळ बंदच होती. आता थंडीत सकाळचा पहिला चहा आणि रात्रीचं शेवटचं काही तिच्यावर होतं. सिलिंडर परत करून टाकू म्हणणाऱ्यांनी एक हिवाळा थांबावं.

पावसाळ्यात खरी परीक्षा झाली. जागा उंच असली तरी माती काळीच. आषाढात खड्ड्यात पाझर आला, पिशवीखाली पाणी साठलं आणि ती एका बाजूनं उचलली गेली. रबडी हौदाऐवजी खड्ड्याच्या काठावरून वाहायला लागली. बसवणाऱ्या मंडळींनी 'चराची गरज नाही' म्हणून सांगितलेलं. फोन केला तर 'पाऊस उघडल्यावर येतो'. शेवटी आम्हीच भोवतीनं चर काढला, त्याला बांधाकडं उतार दिला, तेव्हा पिशवी जागेवर बसली. काळ्या रानात बसवणार असाल तर मुरमाचा थर आणि चर हे खड्ड्याच्या कामातच धरा.

दुसरी तक्रारही बसवणाऱ्यांबद्दलच. गॅसची नळी विहिरीच्या वाटेवर मधेच लोंबती ठेवली होती. गॅसमधली वाफ थंड होऊन तिथं पाणी साठायचं आणि ज्योत उड्या मारायची, मग विझायची. लोक समजतात गॅस संपला. नळीला सलग उतार द्यायचा आणि सगळ्यात खाली पाणी काढायची तोटी बसवायची, इतकं साधं आहे. शेगडीचे नॉब घट्ट व्हायला लागले ते गॅसमधल्या, सडक्या अंड्याच्या वासाच्या हायड्रोजन सल्फाइडमुळं. त्याला उपाय म्हणून लेथवरचा लोखंडी कीस थोडा गंजवून नळीच्या वाटेतल्या डब्यात भरलाय. तो काळा पडला की बाहेर पसरून हवेवर ठेवायचा, परत चालतो.

थंडीत पहाटेचा पारा १२-१३ वर आला की पिशवी सुस्तावते. आम्ही शेण सकाळी न कालवता दुपारी, उन्हात तापलेल्या पाण्यात कालवतो आणि रात्री पिशवीवर पाचट पसरतो. गॅस थोडा वाढला. उन्हाळ्याइतका मात्र नाही.

एवढं सगळं करून गॅससाठीच हे घेतलं असतं तर मी दोन तारे दिले असते. बाकीचे दोन रबडीचे. उघड्या उकिरड्यातलं नत्र बरंचसं हवेत जातं. इथं ते रबडीत टिकतं, तणाचं बी पुष्कळसं मरतं आणि माश्या जवळजवळ दिसत नाहीत. हळदीला पाटाच्या पाण्याबरोबर सोडली. उसाच्या फडात पाचट न पेटवता त्यावर शिंपडली, तर ते दिवाळीपर्यंत हातानं चुरगळत होतं. ठिबकला लावायची तर दोनदा कापडानं गाळा, नाहीतर ड्रिपर तुंबलेच म्हणून समजा. हळद अजून निघायची आहे, त्यामुळं उताऱ्याबद्दल बोलत नाही. रासायनिक खताचा एक हप्ता मात्र आम्ही दिला नाही आणि पानं पिवळी पडली नाहीत.

माझा स्वतःचा नाद परसातल्या भाजीचा. आमच्याकडची कृष्णाकाठची वांगी, घेवडा, आळू. रबडी जास्त झाली की वांग्याला पानंच सुटतात, फूल कमी. निम्मं पाणी घालून, एक दिवस हवेवर ठेवून, बुडाशी न ओतता आळ्याच्या कडेनं द्यायची, हे प्रमाण आता बसलंय. आळू मात्र कितीही द्या, खातोच.

संडास जोडायचा विषय निघाला होता. जोडला तर गॅस वाढतो, पण "त्याच्यावर निवद शिजवायचा?" म्हणून आत्याबाईंनी तो तिथंच मिटवला आणि मीही फार ओढून धरला नाही.

पिशवी किती वर्षं टिकेल, ते मला नऊ-दहा महिन्यांत सांगता यायचं नाही. ऊन आणि घुशी हे तिचे दोन शत्रू. वर शेडनेट आहे, भोवतीनं बारीक जाळी जमिनीत वीतभर गाडलीय. एका घडीला घासून बारीक छिद्र पडलं होतं, ते सोबत आलेल्या ठिगळानं बुजलं. साबणाचं पाणी लावून बुडबुडे कुठं येतात ते बघायचं, दर पंधरवड्याला. जवळ विडी-काडी पेटवायची नाही, हे गड्यांना दोनदा सांगावं लागतं.

घ्यायचं का, असं विचारणाऱ्यांना मी आधी विचारते: गोठ्यात रोज हात घालणारं माणूस घरात आहे का? आमच्याकडं सध्या मी आणि जाऊबाई आळीपाळीनं कालवतो. दिरांनी जुनी मोटर लावून कालवायचं यंत्र करतो म्हणून सांगितलंय. फिरवायचा दांडा तयार झालाय, मोटर अजून पोत्यातच आहे.