केस रंगवायचेत: घरी की पार्लरमध्ये?

नवरात्र तोंडावर आली की बडोद्यात दोन गोष्टी मिळत नाहीत: शिंप्याकडे तारीख आणि पार्लरमध्ये वेळ. मग घरीच उरकून टाकू, असं वाटतंच. आधी एवढं ठरवा: केस आहेत त्यापेक्षा गडद करायचेत की उजळ?

पांढरे झाकायचे असतील तर घरी करा, बिनधास्त. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे तीन-चार आठवड्यांत भांगात रेघ दिसणारच. दर वेळी त्यासाठी अलकापुरीतल्या सलूनमध्ये पैसे ओतणं मला तरी पटत नाही. मंगळ बाजारातून पुडी आणा, प्लास्टिकच्या वाटीत कालवा, कपाळाच्या कडेला व्हॅसलीन लावा आणि रंग फक्त मुळांना. टोकांपर्यंत ओढत राहिलात तर टोकं काळीकुट्ट दिसतात. मागची बाजू घरातल्या कुणाकडून तरी करून घ्या.

‘अमोनिया नाही’ असं लिहिलेल्या डब्यातही पीपीडी (केसांना गडद रंग देणारं रसायन) असू शकतं आणि अ‍ॅलर्जी बहुधा त्याचीच येते. कानामागे थोडा रंग लावून ४८ तास थांबा. वर्षानुवर्षं रंग वापरणाऱ्यांनाही अ‍ॅलर्जी अचानक उपटते. गर्दीच्या दिवसांत पार्लरमध्येही ही चाचणी राहून जाते, तेव्हा तिथेही मागून घ्या.

हायलाइट्सचा मामला वेगळा. रंगावर रंग चढवून केस उजळत नाहीत, ब्लीच लागतं. आपले काळे केस आधी तांबडे, मग नारिंगी, मग पिवळे होतात, आणि घरी बहुतेकींचा धीर नारिंगीवरच सुटतो. पार्लरवाली फॉइल उघडून उघडून बघते, वेळेवर धुते, वर टोनर लावून पिवळेपणा मारते. पैसे त्या नजरेचे. शिवाय टाळूच्या उबेने मुळांजवळ ब्लीच भराभर चढतं. घरी सरसकट फासलं तर मुळं भगवी आणि खाली तपकिरी. डेव्हलपर (ब्लीचमध्ये कालवायचं पेरॉक्साइडचं द्रावण) २० व्हॉल्यूम म्हणजे ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, ४० म्हणजे १२ टक्के. लवकर व्हावं म्हणून ४० घरी आणणं हा निव्वळ आगाऊपणा.

मेंदी लावत असाल (आपल्याकडे कोण लावत नाही?) तर पार्लरमध्येही सांभाळून. साधी मेंदी सहजी निघत नाही. सोबत नीळ (इंडिगोची पूड) असेल तर ब्लीचनंतर हिरवट झाक येऊ शकते. पाकिटातल्या ‘काळ्या मेंदी’त धातूचे क्षार असले तर पेरॉक्साइड लागताच केस तापून तुटूही शकतात. म्हणून फणीत आलेले केस गोळा करा, दोऱ्याने बांधून बट करा आणि तिच्यावर आधी ब्लीच लावून बघायला सांगा. टाळाटाळ झाली तर दुसरं पार्लर गाठा.

गरब्याच्या आदल्या दिवशी काहीच करू नका, आठ-दहा दिवस हाताशी ठेवा. लाल छटा सगळ्यात लवकर उतरते, त्यात रोज घाम आणि रोज डोक्यावरून पाणी. नऊ रात्रींसाठी तपकिरी बरा.

पैसे बेताचे असतील तर पूर्ण डोक्याऐवजी चेहऱ्याजवळच्या चार बटा पार्लरमध्ये करून घ्या आणि पांढऱ्यांची पुडी घरी लावा. पुडी लावताना मात्र त्या बटा फॉइलमध्ये गुंडाळून बाजूला ठेवा, नाहीतर काळा रंग त्यांच्यावर चढलाच म्हणून समजा.