लिहिण्यासाठी अंबाजोगाईत राहणे : काही महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या दिवाळीनंतर मी लातूरचे घर सोडून जवळपास दोन आठवडे अंबाजोगाईत केवळ लिहिण्यासाठी राहिले. परत आल्याबरोबर हा अनुभव लिहिला असता तर तो निव्वळ कौतुकाचा झाला असता, कारण सुटीवरून नुकत्याच परतलेल्या माणसाला सगळेच चांगले वाटत असते. आता पावसाळा निम्मा सरला आहे, महाविद्यालयाचे नवे वर्ष मार्गी लागले आहे आणि तिथे केलेल्या कामापैकी काय टिकले व काय विरून गेले हे सांगता येण्याइतका काळ मध्ये गेला आहे. मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते, घरी सासूबाई, यजमान आणि शाळेत जाणारा मुलगा आहे, आणि हाती असलेले पुस्तक २०१६ च्या पाणीटंचाईत लातूरकरांनी दिवस कसे काढले याविषयीचे आहे. हे सारे आधीच सांगितलेले बरे, कारण अशा मुक्कामाचा उपयोग कुणाला होईल हे बरेचसे त्या माणसाच्या हाती काय काम आहे आणि तो कशातून उठून आला आहे यावर ठरते.

मला घरी लिहायला वेळच मिळत नव्हता, असे म्हणता येणार नाही. पहाटे पाचला उठून साडेसहापर्यंत मी वर्षभर नेमाने लिहीत होते आणि त्यातून प्रकरणे तयारही होत होती. टँकरचालक, रात्र रात्र नळापाशी रांगेत काढलेल्या बायका, शिकवणीसाठी लातुरात राहून पाण्यावाचून गावी परतलेली मुले, बोअर पाडणारे मजूर अशा अनेकांच्या मुलाखती माझ्याकडे ध्वनिमुद्रित होत्या आणि एकेका मुलाखतीवरचे लेखन सुटे वाचले तर बरे वाटायचे. अडचण एवढीच होती की ती प्रकरणे एकमेकांना धरून उभी राहत नव्हती. दीड तासात काल लिहिलेले वाचावे, सूर पुन्हा सापडावा, आणि तेवढ्यात कुकरची शिट्टी व्हावी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दीड तासात एक प्रसंग लिहिता येतो, पण तीनशे पानांचा ऐवज एकाच वेळी डोक्यात धरता येत नाही. लांब पल्ल्याच्या लेखनाला लागणारा वेळ हा सलग असावा लागतो, तुकड्यांची बेरीज करून तो मिळत नाही, आणि घर सोडून जाण्याचा खरा फायदा माझ्या मते हा एवढाच आहे. बाकीचे फायदे त्याच्या पोटातून येतात.

राहण्याची व्यवस्था साधी होती. एका परिचितांच्या घराची माडी रिकामी होती, तिथे दोन खोल्या मिळाल्या. एकीत मी आणि दुसरीत माझी परभणीची मैत्रीण, जी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि कविता लिहिते. पहिले दोन दिवस मी लिहिलेच नाही. सगळ्या प्रकरणांची एकेका कागदावर चार ओळींत टिपणे काढली आणि ते कागद खोलीच्या शहाबादी फरशीवर मांडले. पंख्याने ते उडू लागले तेव्हा खालून अंगणातले खडे आणून एकेका कागदावर ठेवले. घरी हे करणे अशक्य होते, कारण आमच्या घरात सकाळी मांडलेली कुठलीही गोष्ट संध्याकाळपर्यंत फरशीवर टिकत नाही. केर काढावा लागतो, जेवायची पाने घ्यावी लागतात. इथे ते कागद मी निघेपर्यंत तसेच राहिले. रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्यांच्यामधून चालायचे, वाकून एखादा उचलायचा, दुसरीकडे ठेवायचा, आणि मग टेबलाशी बसायचे, असा क्रम पडला.

या चालण्यातून जे हाती लागले ते नेमके सांगते. माझ्या पुस्तकाची सुरुवात रेल्वेने होत होती. मिरजेहून पाणी घेऊन निघालेली पहिली ‘जलदूत’ गाडी १२ एप्रिल २०१६ रोजी पहाटे लातूरला पोहोचली, तिला १० वाघिणी होत्या आणि प्रत्येक वाघिणीत सुमारे ५० हजार लिटर पाणी होते. पुढे ५० वाघिणींची गाडी येऊ लागली. सुमारे ३५० किलोमीटरवरून कृष्णेचे पाणी रुळांवरून यावे, ही गोष्ट कुणाही लेखकाला पहिल्या पानावर घ्यावीशी वाटेल. परंतु फरशीवरचे कागद पाहताना लक्षात येत गेले की माझ्या मुलाखतींतली माणसे रेल्वेविषयी फारच थोडे बोलली होती. त्यांच्या आठवणी आधीच्या हिवाळ्यापासून सुरू होत होत्या : धनेगावच्या मांजरा धरणाचा तळ उघडा पडला तेव्हापासून, गल्लीतली बोअर एकेक करून गुळण्या टाकू लागली तेव्हापासून, मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती कलम १४४ लावून जमावबंदी करावी लागली त्या दिवसांपासून. रेल्वे देशाला दिसली. लातूरकरांना त्याआधीचे महिने दिसत होते. तो कागद मी उचलून खोलीच्या पार पलीकडच्या भिंतीशी नेऊन ठेवला आणि उरलेली रांग आपोआप सरकली. पुस्तकाचा तो क्रम आजही बदललेला नाही. या एका गोष्टीसाठीसुद्धा मी पुन्हा तेवढा खर्च आणि तेवढी यातायात केली असती.

दुसरा मोठा फायदा मैत्रिणीच्या सोबतीचा, आणि त्याची मी आधी कल्पना केली नव्हती. दिवसभर आम्ही एकमेकींशी बोलत नसू. दार लोटलेले असले की हाक मारायची नाही, असे ठरले होते. दिवेलागणीनंतर मात्र गच्चीत बसून दिवसभरात झालेले एखादे पान मोठ्याने वाचून दाखवायचे. एका संध्याकाळी मी एका बाईंविषयीचे प्रकरण वाचले. मैत्रीण सगळे ऐकून घेऊन म्हणाली, “अगं, सगळं आलंय, पण त्या दिवशी तिच्या घरात पाणी होतं तरी किती?” रात्री मी ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकले. बाईंनी ते सांगितले होते : एक घागर आणि अर्धी कळशी, आणि दुपारी लेकीला पाहायला पाहुणे यायचे होते. घागरीवर ताट झाकून ते ताट उघडायचे नाही अशी मुलांना ताकीद होती. त्या एका ताटाभोवती मी ते प्रकरण पुन्हा लिहिले. ते वाक्य माझ्या कपाटात वर्षभर होते, पण ज्याला विषयाची सवय झालेली नाही असा कान शेजारी असल्याशिवाय ते वर आले नसते. म्हणून एकट्याने जावे की कुणासोबत, असे विचारणाऱ्यांना मी सोबत न्यावी असेच सांगते. फक्त ती सोबत लिहिणाऱ्याची असावी, आणि शक्यतो तुमच्यापेक्षा वेगळ्या प्रकारचे लिहिणाऱ्याची.

जेवणाचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, तो तसा नाही. जवळच्या एका मावशींकडे दोन वेळचा डबा लावला होता : ज्वारीची भाकरी, एक भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि आठवड्यातून दोनदा येसराची आमटी. डबा जिन्याच्या पायरीवर ठेवून मावशी खालूनच “डबा ठिवलाय बरं का बाई” असे ओरडून जात. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये १९०७ साली सुरू झालेल्या ‘मॅकडॉवेल’ या कलावंतांच्या निवासात दुपारचे जेवण टोपलीत घालून प्रत्येकाच्या दाराशी ठेवून जाण्याची पद्धत आहे. ते वाचले तेव्हा मला ती श्रीमंतांची हौस वाटली होती. प्रत्यक्षात त्यामागे फार व्यवहारी विचार आहे. स्वयंपाक करणाऱ्या माणसाच्या, म्हणजे बहुतेक वेळा बाईच्या, डोक्यातला मोठा भाग ‘आज काय करायचे’ या प्रश्नाने सकाळपासून अडवलेला असतो. तो मोकळा झाल्यावर किती जागा होते हे मला तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळले. पुरुष लेखकांना हा फायदा कदाचित जाणवणार नाही, कारण त्यांच्यापैकी अनेकांना तो घरीच मिळत असतो.

अंबाजोगाईच का, असेही विचारले गेले. एक तर लातूरहून रेणापूरमार्गे एसटीने सहज जाता येते, म्हणजे घरी काही अडचण आली तर त्याच दिवशी परतता येते. बालाघाटच्या डोंगररांगेमुळे हवा लातूरपेक्षा थोडी सुखाची असते. शिवाय लिहिण्याची परंपरा म्हणाल तर या गावाइतकी जुनी परंपरा मराठवाड्यात फार थोड्या गावांना असेल. मराठीचे आद्यकवी मानल्या जाणाऱ्या मुकुंदराजांची समाधी गावाबाहेर डोंगरात आहे, आणि संतकवी दासोपंतांना लिहिण्यासाठी रोज ढबू पैशाची शाई लागत असे, अशी आख्यायिका इथे अजून सांगतात. पंचीकरणासारखा, म्हणजे पंचमहाभूतांपासून सृष्टी कशी घडली हे सांगणारा, गुंतागुंतीचा विषय त्यांनी एका लांबलचक कापडावर, म्हणजे पासोडीवर, लिहून काढला. माझे फरशीवरचे कागद पाहून घरमालकांनी हसत तिची आठवण काढली. संपूर्ण विषय एका नजरेच्या टप्प्यात असावा ही गरज चारशे वर्षांपूर्वीच्या लेखकालाही वाटली असणार, असे मला तेव्हा वाटून गेले.

जाण्याचा काळ मात्र विचारपूर्वक निवडावा. मार्गशीर्षात योगेश्वरी देवीचा उत्सव असतो; देवी अनेक कोकणस्थ घराण्यांची कुलस्वामिनी असल्यामुळे त्या सुमारास दूरदूरहून लोक येतात, खोल्या मिळत नाहीत आणि शांतताही मिळत नाही. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू झाली की वरातीच्या डीजेपासून सुटका नाही. आमच्या मुक्कामातल्या शेवटच्या काही संध्याकाळी त्यातच गेल्या. वीज अधूनमधून गेली, पण थंडीचे दिवस असल्याने अडले नाही. उन्हाळ्यात मी हाच प्रयोग म्हैसमाळला थोडक्यात करून पाहिला. हवा छान होती, परंतु शनिवार-रविवारची गर्दी, हॉटेलचे भाडे आणि वेळेला बांधलेले जेवण यांमुळे ती सहल झाली, काम झाले नाही. पर्यटनाच्या ठिकाणी लिहायला जाऊ नये, हे माझे मत तिथे पक्के झाले.

आता पानांचा हिशेब. त्या मुक्कामात माझी नवी पाने फार थोडी झाली. घरच्या पहाटेच्या वेळेत त्याच काळात कदाचित जास्त झाली असती. रोज हजार शब्द पाडायचे एवढाच ज्यांचा हेतू आहे, त्यांनी यासाठी घर सोडू नये, गजर लावावा. ज्यांचा पहिला खर्डा तयार आहे, किंवा निदान भरपूर कच्चा माल गोळा झालेला आहे आणि त्याला आकार येत नाही, त्यांना जाण्याचा खरा लाभ होतो. कोऱ्या कागदानिशी गेलेल्या माणसाला ती शांतता खायला उठते. मैत्रिणीचे सुरुवातीचे दिवस असेच गेले, आणि तिने ते गावातल्या देवळांतून फिरण्यात काढले.

परतल्यानंतरचे चित्र संमिश्र आहे. पहिले काही आठवडे हात भराभर चालला. मग फेब्रुवारीत बारावीच्या परीक्षा, पर्यवेक्षण आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आले आणि लेखन पूर्ण थांबले. मात्र एप्रिलअखेर वही उघडली तेव्हा पूर्वीसारखे सगळे पहिल्यापासून वाचावे लागले नाही. क्रम ठरलेला होता, कुठले प्रकरण कशासाठी आहे हे माहीत होते, त्यामुळे पहाटेच्या त्याच दीड तासात आता सरळ काम सुरू होते. तिथली शिस्त टिकली नाही. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवण्याचा नेम महिनाभरात मोडला, आणि दार लोटून बसण्याला आमच्या घरात अर्थ नाही, कारण ते दार सर्वांचे आहे.

घरच्यांचा प्रश्नही लिहायला हवा. मी निघाले तेव्हा शेजारच्या काकूंनी “माहेरी कुणाला बरं नाही का?” असे विचारले, आणि लिहायला चालले आहे असे सांगितल्यावर त्या क्षणभर यजमानांकडे पाहत राहिल्या. सासूबाईंनी मात्र काहीही न विचारता मुलाच्या डब्याचे पाहिले. डबा, प्रवास आणि खोलीचे नाममात्र भाडे मिळून खर्च एखाद्या कौटुंबिक सहलीपेक्षा बराच कमी झाला. रजा मात्र गेल्या, आणि नोकरदारांना खरी किंमत तीच मोजावी लागते. यंदा मार्गशीर्षाच्या आधीचे दिवस धरून मी त्याच खोलीचे सांगून ठेवले आहे. मैत्रिणीला या खेपेस रजा मिळण्याची शक्यता दिसत नाही, त्यामुळे संध्याकाळी वाचून कुणाला दाखवायचे हा प्रश्न आहे. परभणीत तिला फोनवर वाचून दाखवायचे, असे सध्या ठरले आहे. त्याचा कितपत उपयोग होतो ते परतल्यावर लिहीन.