शोकेसमधली जर्मन पक्कड आणि गोडाऊनमधून आलेला डबा

हाताची हत्यारं महागडी घ्यावीत की साधी, यावर माझं मत ठरलेलं आहे. दोन-चार हत्यारांना जादा पैसे मोजावेत, बाकीच्यांना मोजू नयेत. पण मोजलेले जादा पैसे चांगल्या मालापर्यंत पोचतीलच असं नाही. मधल्या मधे ते कसे गडप होतात, ते सांगण्यासाठी हे लिहितोय. माझे सव्वीस हजार रुपये असेच गेले आहेत.

मी पिंपरी-चिंचवड भागात इलेक्ट्रिक मेंटेनन्सची कामं घेतो. सोसायट्यांचे पंप, पॅनल, लहान वर्कशॉपमधल्या मोटारी. पोरांच्या पिशवीत वर्षानुवर्षं नाशिकच्या टपारियाची पक्कड असते. तीन-चारशे रुपयांत येते, रोज मार खाते, आणि साइटवर तिला पाय फुटले तरी जीव जळत नाही. जर्मन पक्कड त्याच मापाची घ्यायची तर अडीच-तीन हजारांच्या पुढे जाते. दहापट किंमत म्हणून ती दहापट टिकते का? नाही टिकत. तरी मी ती घ्यायला निघालो, कारण एका कारखान्याच्या सेफ्टी ऑफिसरने अट घातली की पॅनलला हात लावायचा तर इन्सुलेटेड हत्यारंच हवीत, आणि हत्यारावर खूण दिसली पाहिजे.

अट रास्त होती. पकडीच्या मुठीवर प्लास्टिक चढवलेलं असलं की ती शॉकप्रूफ, असं अर्ध्या महाराष्ट्राला वाटतं. ते प्लास्टिक बऱ्याचदा नुसतं हाताला पकड मिळावी म्हणून असतं. खरं इन्सुलेटेड हत्यार आयईसी ६०९०० या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे बनतं. त्यावर एकमेकांत अडकलेल्या दोन त्रिकोणांची खूण आणि १००० व्होल्ट असं लिहिलेलं असतं. एक-एक नग १०,००० व्होल्टवर तपासून मग बाहेर पडतो. जर्मन मालावर बहुधा व्हीडीई या जर्मन तपासणी संस्थेचा शिक्काही असतो. मुठीच्या वरच्या टोकाला आडवा कठडा असतो, बोट घसरून लोखंडाला लागू नये म्हणून. आपल्याकडे घरात २३० आणि थ्री फेजला ४१५ व्होल्ट, म्हणजे हिशेबात भरपूर सूट ठेवलेली असते. (तरीही सप्लाय बंद करून, टेस्टरने खात्री करूनच काम करायचं. मुठीच्या भरवशावर चालू लाइनीत हात घालणारा माझ्याकडे टिकत नाही.)

अधिकृत वितरकाकडे तीन नगांचा सेट, म्हणजे पक्कड, साइड कटर आणि नोज प्लायर, साडेनऊ हजारांच्या घरात जात होता. चार सेट हवे होते. तेवढ्यात जुन्या बाजारपेठेतल्या एका दुकानाचं नाव कानावर आलं. दुकान मोठं, गल्ल्यावर गर्दी, भिंतीवर जीएसटीचं प्रमाणपत्र टांगलेलं. शेठनी काचेच्या शोकेसमधून पक्कड काढून हातात दिली. मी ट्यूबलाइटसमोर धरून पाहिली. धारेच्या दोन पात्यांमधून उजेडाची रेघसुद्धा येत नव्हती. सांध्याला खेळ नव्हता, तरी मूठ एका बोटाने उघडत होती. शेठनीच जीआय तारेचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी तारेचा, तुकडा पुढे केला. कट करून दाखवला, धार जशीच्या तशी. माल अस्सल होता, आजही छातीठोकपणे सांगतो.

"हा डिस्प्लेचा पीस आहे साहेब, याला शंभर हात लागलेत. तुम्हाला सीलबंद देतो," असं म्हणून त्यांनी पोऱ्याला गोडाऊनला पिटाळलं. भाव साडेसहा हजार रुपये सेट. एवढा स्वस्त कसा, विचारलं, तर "दुबईचा लॉट आहे, एका प्रोजेक्टचा उरलेला." डबे आले. छपाई चकचकीत, वर होलोग्राम, आत हत्यारं तेलकट कागदात गुंडाळलेली. पक्कं बिल मागितलं, तेही लगेच मिळालं, १८ टक्के जीएसटीसकट. बिलावर मात्र नुसतं 'प्लायर सेट' होतं. ब्रँड लिहा म्हटलं तर, "सॉफ्टवेअरमध्ये आयटम तसाच फीड आहे हो, बिल पक्कंच आहे ना?"

सगळी मेख या उत्तरात होती. शोकेसमधला अस्सल पीस विकायला नसतोच. तो खात्री पटवायला ठेवलेला असतो. गिऱ्हाईक तपासतं एक, घरी नेतं दुसरं, आणि बिल अशा बेताने बनवलेलं असतं की उद्या भांडण झालं तर दुकानदाराने कोणत्या कंपनीचा माल विकला हे कागदावर कुठेच सापडू नये.

कामाला लागून फार दिवस झाले नव्हते. अर्थिंगचं काम चालू असताना एक पोरगा म्हणाला, "दादा, ही तार कापत नाहीये, नुसती चावतेय." साइड कटर हातात घेतला. पात्यावर जिथे जीआय तार धरली होती, तिथे दोन्ही बाजूंना अर्धचंद्रासारखे खड्डे पडले होते. तार जिंकली होती, कटर हरला होता. चांगल्या कटरची धार नुसत्या चांगल्या पोलादाने होत नाही. पाती घडवल्यावर धारेला वेगळं कडक करतात, इंडक्शनने म्हणजे विजेच्या जोरावर तेवढीच धार तापवून, आणि तिचा कडकपणा ६० एचआरसीच्या (कडकपणा मोजायचं रॉकवेल माप) आसपास नेतात. या कामाला खर्च येतो, आणि नकली माल बनवणारा नेमकं तेच गाळतो, कारण ते डोळ्यांना दिसत नाही. आम्ही धारेवर बारीक कानस फिरवली. कडक धारेवर कानस सरकन घसरते. इथे ती लोण्यासारखी शिरली आणि भुगा पडला.

धारेचं एक वेळ ठीक, फार तर तार तुटत नाही. मुठीचं बघून मात्र घाम फुटला. चांगल्या इन्सुलेटेड हत्यारांमध्ये बऱ्याच कंपन्या दोन रंगांचे थर देतात. वर लाल, आत पिवळा. वरचा थर झिजून किंवा कापला जाऊन पिवळं दिसू लागलं की हत्यार कामातून काढायचं. आमच्या पकडीला लाल आणि पिवळा दोन्ही रंग होते. एक मूठ ब्लेडने उभी चिरली. पिवळा थर आत नव्हताच, कडेला सुशोभीकरणापुरती पिवळी पट्टी बसवली होती. लाल प्लास्टिक एकेरी, कठड्यापाशी नखाएवढंसुद्धा जाड नाही, आणि एका बाजूला ते लोखंडाला चिकटलेलंच नव्हतं. बोटाने दाबलं की मूठ हलायची. आणि या मुठीवर दोन त्रिकोण, १००० व्होल्ट, व्हीडीई, सगळं ठळक छापलेलं. शिक्क्याची नक्कल करायला साचाच तर लागतो.

वितरकाला फोटो पाठवले. ज्या कंपनीचं नाव त्या मुठींवर होतं ते इथे घेत नाही, तिचा यात काही दोष नाही. वितरकाच्या माणसाने फोनवर पहिला प्रश्न विचारला, डब्यावर आयातदाराचं लेबल आहे का? नव्हतं. परदेशातून आलेल्या पॅकबंद मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, कुठल्या देशात बनला आणि एमआरपी छापणं कायद्याने बंधनकारक आहे. दुबईच्या लॉटची कथा कितीही रंगवा, ते लेबल नसेल तर माल एक तर चोरवाटेने आलाय, नाहीतर मुळात तिकडून आलेलाच नाही. दुसरं त्याने सांगितलं ते अक्षरांबद्दल. अस्सल मालावर पोलादावरची अक्षरं कोरीव आणि काठ धारदार असतात. आमच्यावरची फुगीर आणि क्रोमच्या थराखाली बुजलेली होती.

दुकानात गेलो तेव्हा शेठचा सूर बदललेला. "हा माल आमचा नाहीच. बिलावर कुठे लिहिलंय?" डबे दाखवले तर, "डबे काय, बाजारात किलोवर मिळतात." बराच तमाशा झाला. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, जीएसटी बिल आणि चिरलेल्या मुठीचे फोटो जोडले. त्यानंतर दुकानातून फोन आला. रोख नाही, पण निम्म्या रकमेचा दुसरा माल घेऊन जा. पोरांची मजुरी थांबवून कुठे कुठे फिरणार? एमसीबी आणि केबल घेऊन आलो. उरलेल्या रकमेची तक्रार अजून चालू आहे.

यावरून कुणी म्हणेल, बघा, ब्रँडच्या नादाला लागायचंच नाही. ते मला पटत नाही. नंतर वितरकाकडून पूर्ण किमतीत दोनच सेट घेतले, ब्रँड आणि मॉडेल नंबर बिलावर लिहून घेतले आणि पैसे देण्याआधी तोच डबा फोडून बघितला, शोकेसमधला नाही. इन्सुलेटेड हत्यारं आणि रोजचा कटर यांना पैसे घालावेत. स्क्रू ड्रायव्हरलाही, कारण टोक मऊ असलं की पॅनलमधल्या टर्मिनलचे स्क्रू गोल होतात आणि मग पन्नास रुपयांची बचत पाचशेला पडते. हॅकसॉची फ्रेम मात्र कुठलीही चालते, ब्लेड चांगलं घ्या. हातोडीला, मेजर टेपला परदेशी नाव शोधणं म्हणजे निव्वळ हौस. फिक्स पाने आणि रिंग पाने तर आपल्याच देशात जालंधर-लुधियानाला इतके चांगले बनतात की तिथून जगभर निर्यात होतात. आणि ज्याला जर्मन हत्यार परवडत नसेल त्याने सरळ साधी देशी पक्कड घ्यावी. तीनशेची अस्सल पक्कड साडेसहा हजारांच्या नकली सेटपेक्षा कधीही बरी, निदान तिच्यावर खोटी खूण नसते आणि पोरगा तिच्या भरवशावर चालू लाइनीत हात घालत नाही.

नकली सेटपैकी तीन सेटच्या मुठी ग्राइंडरने कापल्या आणि मगच भंगारात दिल्या. अख्ख्या दिल्या असत्या तर पुढच्या रविवारी जुन्या बाजारात कुणीतरी त्या दोन त्रिकोणांकडे बघून घेतल्या असत्या. चौथा सेट डबा आणि बिलासकट कपाटात ठेवलाय, तक्रारीच्या कामासाठी.