इव्हॅल्युएशन बोर्डाशी सात महिने: काय बदललं, कशाला हात लावला नाही

टीपीए३११६डी२ या क्लास-डी ऑडिओ अॅम्प्लिफायर चिपचा इव्हॅल्युएशन बोर्ड (चिप आजमावून बघायला मिळणारा तयार बोर्ड) घेतला, तो स्वतःचा पीसीबी, म्हणजे सर्किट बोर्ड, काढण्याआधी सगळे प्रयोग त्याच्यावरच उरकावेत म्हणून. सात महिने झाले. बोर्ड अजून जिवंत आहे, हे आधीच सांगतो, कारण मी त्याचे बरेच हाल केलेत.

पहिल्याच आठवड्यात सवयीने ऑसिलोस्कोपची ग्राउंड क्लिप स्पीकरच्या वजा टोकाला लावली. या चिपचं आउटपुट ब्रिज पद्धतीचं. दोन्ही टोकांवर सिग्नल, ग्राउंड कुठेच नाही. क्लिप मात्र थेट ग्राउंडला जोडलेली, म्हणून शॉर्ट झाला आणि चिप गप्प. आतल्या संरक्षणाने वाचली. आता दोन प्रोब लावून वजाबाकी बघतो.

गेनचं, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा याचं, प्रकरण जास्त गमतीचं. २०, २६, ३२ की ३६ डीबी, हे दोन रेझिस्टरवर ठरतं. मी तिथे स्विच बसवला आणि गाणं चालू असताना फिरवत राहिलो, फरक शून्य. ही सेटिंग चिप वीज सुरू होताना एकदाच वाचते. डेटाशीटमध्ये (चिपच्या माहितीपत्रकात) लिहिलंय, पण आधी वाचतंय कोण! दुसरी गोम म्हणजे गेन वाढवला की इनपुट इम्पीडन्स (येणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध) उतरतो: २० डीबीला ६० किलोओहम, ३६ ला जेमतेम ९. इनपुटला १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल तर खालची कटऑफ (जिच्या खालचे सूर कमी होत जातात ती वारंवारता) सुमारे ३ हर्ट्झवरून १८ वर सरकते. माझ्या प्रीअॅम्पलाही (चिपला सिग्नल पुरवणाऱ्या आधीच्या टप्प्याला) ९ किलोओहम झेपेना. शेवटी २६ वर थांबलो. तिथे ३० किलोओहम मिळतात.

घरघरीने मात्र महिनाभर छळलं. वजा इनपुट मी बोर्डावरच कपॅसिटरमधून ग्राउंड केलं होतं. त्याऐवजी त्या इनपुटची तार सिग्नलच्या तारेसोबत पीळ देऊन प्रीअॅम्पपर्यंत नेली, तिथे ग्राउंड केली, आणि कान लावूनच ऐकू येईल इतकीच घरघर उरली.

माझ्या पहिल्या पीसीबीत जागा जुळेना म्हणून डीकपलिंग कपॅसिटर (चिपचा वीजपुरवठा स्थिर ठेवणारे) चिपपासून दोन सेंटीमीटर लांब टाकले. आउटपुटच्या प्रत्येक स्विचिंग कडेवर रिंगिंग, म्हणजे नको असलेली थरथर, दिसू लागलं. दुसऱ्या खेपेला चिपभोवतीची मांडणी बोर्डावरून जशीच्या तशी उचलली; कनेक्टर, फिल्टर, व्हॉल्यूम मात्र माझ्या मनाप्रमाणे. चिप थंड ठेवणारा हीटसिंक वरून बसतो, त्यामुळे पेटीची उंची तेवढी आधी मोजून ठेवा. मूळ बोर्ड अजून टेबलावरच आहे. नव्या पीसीबीवर काही विचित्र दिसलं की तेच माप आधी त्याच्यावर घेतो.