मॅक्रमच्या पिशव्या: सुती दोरी की प्लास्टिकची? पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

गेल्या दिवाळीनंतर घरच्या वापरासाठी दोरीच्या पिशव्या विणायला घेतल्या. आता पावसाळाही सरला. मॅक्रमच्या, म्हणजे दोरीला हाताने गाठी मारून विणलेल्या, पिशव्यांचे फोटो हवे तितके बघायला मिळतात, पण ते सगळे नव्याकोऱ्या पिशव्यांचे. कांदे-बटाटे, ओली मासळी आणि रत्नागिरीचा पाऊस झेलल्यावर त्यांचं काय होतं, हे मला कुठे वाचायला मिळालं नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

दोन दोऱ्या वापरल्या. पहिली सुती, चार मिलिमीटर जाडीची, तीन पदरांना पीळ घातलेली. दुसरी पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची, तीन मिलिमीटरची, गोल विणीची. आपल्याकडे झोपाळे, तोरणं आणि कुंड्यांची शिंकी वर्षानुवर्षं ज्या चकचकीत रंगीत दोरीची होतात, तीच ही. पुण्यात रविवार पेठेत, बोहरी आळीच्या बाजूला दोन्ही मिळतात.

विणायला सुती दोरीसारखं सुख नाही. हाताला मऊ लागते, गाठ जिथे बसवाल तिथे बसते, सुटत नाही. चौकोनी गाठींची ओळ उजेडात धरली की प्रत्येक पदर वेगळा दिसतो. पिशवी खांद्याला लावल्यावर चारजणी हमखास विचारतात, कुठून घेतली म्हणून.

पण ती ताणते. पट्टा कमरेपर्यंत येईल असा विणला होता, रोजच्या वजनाने तो मांडीपर्यंत उतरला. कारण गाठ उकलून बघितल्यावर कळतं. चौकोनी गाठीत बाहेरचे दोन पदर मधल्या पदरांभोवती फिरतात, आणि वजन मुख्यतः मधलेच पदर उचलतात. बहुतेक नमुन्यांत मधे दोनच पदर सांगितलेले असतात. भिंतीवरच्या शोभेच्या वस्तूला ते पुरतात, बाजाराच्या पिशवीला नाही. त्यात दोरी पिळाची असली की ताणाखाली पीळ सैल होऊन ती आणखी लांबते. आता मी पट्ट्यात मधे सहा पदर घेते. पट्टा रुंद होतो, खांद्याला काचत नाही, आणि अजून तरी जागचा हललेला नाही. मधल्या पदरांना पट्ट्याच्या लांबीहून थोडी जास्त दोरी पुरते, बाहेरच्यांना चौपट-पाचपट धरावी लागते. बाहेरचे पदर मधेच संपले तर जोड देता येतो, पण पट्ट्यात जोड देऊ नये असं माझं ठाम मत आहे.

आर्द्रा नक्षत्र लागलं आणि सुती पिशवीचे हाल सुरू झाले. कापूस पाणी पितो. वरून पिशवी कोरडी वाटते, पण गाठींच्या पोटात ओल राहते. तळाच्या कोपऱ्यांत, जिथे गाठी सगळ्यात दाट असतात, तिथे काळे ठिपके आले. ती बुरशी होती. गरम पाणी, व्हिनेगर, उघडीप मिळाली की ऊन, सगळं केलं. वास गेला, ठिपके गेले नाहीत. शिवाय धुतल्यावर पिशवी आटली आणि तळ गोळा होऊन फुगला. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवलेल्या लाल सुती दोरीने तर पहिल्याच पावसात कुर्त्यावर रंग सोडला. तेव्हापासून रंगीत सुती दोरीचा तुकडा आधी पांढऱ्या कापडात गुंडाळून, ओला करून, रात्रभर ठेवते.

प्लास्टिकच्या दोरीची पिशवी मासळीसाठी ठेवली. पूर्वी घरोघरी वायरच्या पिशव्या असायच्या, त्यांच्याच जातीची ही. बांगडे आणले की नळाखाली धरायची, साबणाचा ब्रश फिरवायचा, खुंटीला उलटी टांगायची. हा तंतू पाणी शोषतच नाही. गाठींच्या फटीत साचेल तेवढंच पाणी, तेही भर पावसाळ्यात दुसऱ्या सकाळपर्यंत निथळून जातं. गंध राहत नाही, आकार बदलत नाही. सासूबाईंनी माझ्या देखण्या सुती पिशवीकडे ढुंकूनही पाहिलं नाही, ही मात्र त्या आपण होऊन उचलतात.

हिला विणताना मात्र फार जपावं लागतं. दोरी निसरडी, त्यामुळे गाठ आवळून लगेच पुढची घातली नाही तर आधीची सैल पडते. टोकं जाळून बंद करावी लागतात. वितळलेला थेंब कातडीला चिकटून चांगलाच भाजतो, तेव्हा बोटाने दाबायच्या फंदात पडू नका, चमच्याची पाठ वापरा. जळलेलं टोक कडक होतं आणि कपड्यांचे धागे ओढतं, म्हणून ते आतल्या गाठीत खुपसायचं. उन्हात मात्र ही दोरी टिकत नाही. याच दोरीचं कुंडीचं शिंकं गॅलरीत होतं. उन्हाळा संपेपर्यंत दोरी खरखरीत झाली आणि हात लावला की पांढरी भुकटी पडू लागली. वजनदार कुंडी डोक्यावर टांगायला ती घेऊच नका.

शेवटी हे प्लास्टिकच, हेही खरं. 2018 मध्ये राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आल्यापासून मी कापडी पिशवीच नेत होते आणि भाजीला अजूनही तीच नेते. दोरीच्या पिशवीच्या जाळीतून लिंबं नाही तरी मिरच्या घसरतातच.

त्यामुळे माझी वाटणी अशी: मासळी, नारळ, बाटल्या यांना प्लास्टिकची दोरी. पर्स, टेबलावरच्या चटया, मोबाईलचा बटवा यांना सुती, आणि पर्सला आतून कापडाचं अस्तर हवंच, नाहीतर पेन आणि किल्ल्या जाळीतून डोकावतात. दोन्ही दोऱ्या एकाच पिशवीत घालू नका. धुतल्यावर एक आटते, दुसरी आटत नाही आणि पिशवी तिरकी होते.

दोरी घेताना दाट विणीच्या मध्यम पिशवीला चार मिलिमीटरची साधारण शंभर मीटर लागेल असं धरा आणि सगळी एकदमच घ्या. पुढच्या मालात तोच रंग अर्धी छटा गडद येतो, आणि तो फरक पिशवीच्या बरोबर मधोमध दिसतो.