बुधवार संध्याकाळची टेन : एका क्लबाच्या टाइम ट्रायल मालिकेचे परीक्षण

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आणि सायकलची आवड असणाऱ्या मराठी मंडळींनी एकदा तरी अनुभवावी अशी गोष्ट म्हणजे स्थानिक सायकल क्लबांची संध्याकाळची टाइम ट्रायल, जिला इथे सगळे नुसते 'टेन' म्हणतात. वसंतापासून उन्हाळा सरेपर्यंत, आठवड्यातल्या एका ठरलेल्या संध्याकाळी, १० मैलांचा म्हणजे सुमारे १६.१ किलोमीटरचा ठरलेला रस्ता एकट्याने, घड्याळाशी स्पर्धा करत, अंगात असेल तेवढा वेग लावून पार करायचा, एवढाच हा प्रकार आहे. ज्या क्लबाच्या मालिकेत मी भाग घेतो तिचे हे परीक्षण आहे. क्लबाचे नाव देत नाही, कारण पुढे लिहिलेले बहुतेक सगळे इथल्या कोणत्याही लहान क्लबाच्या टेनला लागू पडते. या मोसमात माझे वाचन मात्र सोव्हिएत राजवटीतल्या घरगुती आयुष्याविषयी चालू होते, आणि या व्यवस्थेची खरी किंमत मला त्या वाचनातून कळली. म्हणून परीक्षणात तेही येणार आहे.

आधी संध्याकाळ कशी पार पडते ते सांगतो. गावाबाहेरच्या लेबायमध्ये, म्हणजे हमरस्त्याकडेला गाड्या थांबवायच्या जागेत, एका मोटारीच्या मागच्या उघड्या दारापाशी घडीचे टेबल मांडलेले असते. तिथे अर्ज भरायचा, थोडेसे शुल्क द्यायचे, क्रमांकाचे कापड घ्यायचे आणि सेफ्टी पिना लावून ते कमरेच्या वर, पाठीवर खाली असे टाचायचे की मागून येणाऱ्याला आणि टाइमकीपरला ते नीट वाचता यावे. हेल्मेट आणि दिवे असल्याशिवाय सोडत नाहीत. एकेका मिनिटाच्या अंतराने एकेक जण सुटतो. आपला क्रमांक आला की एक स्वयंसेवक मागे उभा राहून एका हाताने खोगीर आणि दुसऱ्या हाताने त्याखालची दांडी घट्ट धरतो, म्हणजे दोन्ही पाय पेडलमध्ये अडकवून तयार राहता येते. टाइमकीपर ३० सेकंद, १० सेकंद असे सांगत शेवटचे पाच आकडे मोठ्याने मोजतो. धरणारा माणूस ढकलत नाही, फक्त सोडतो. या हाताच्या पकडीवर विश्वास बसायला थोडा वेळ लागतो, पण एकदा बसला की सुरुवातीची सगळी धडधड थांबते.

रस्त्यावर कोणाच्याही मागे चिकटून वाऱ्याचा आडोसा घ्यायला परवानगी नाही. पुढचा गाठला तर त्याला ओलांडून जायचे आणि आपल्याला कोणी ओलांडले तर त्याला जाऊ द्यायचे. हा नियमच या खेळाचा गाभा आहे. ताशी ३५ किलोमीटरवरून ४० वर जायचे तर वेग सातव्या हिश्शाने वाढतो, पण हवेला तोंड द्यायला लागणारी ताकद जवळजवळ दीडपट होते. ती ताकद उसनी मिळत नाही. २५ मिनिटांच्या आत येणे म्हणजे ताशी २४ मैलांहून अधिक सरासरी, आणि साधी रोड सायकल घेऊन नोकरी सांभाळून सराव करणाऱ्याला ते ध्येय एखाद-दोन मोसम सहज पुरते. परतताना रेषा ओलांडताना आपला क्रमांक ओरडून सांगायची पद्धत अजून टिकून आहे. वारा उलटा असेल तर टाइमकीपरला तेवढाच आधार. रात्री निकाल लागतो आणि त्यात पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत प्रत्येकाची वेळ सेकंदापर्यंत दिलेली असते.

आता त्या अर्जाविषयी. त्यात नाव, क्लब, वय, पुरुष की स्त्री, सायकल रोडची की टाइम ट्रायलची, आणि काही झालेच तर कोणाला फोन करायचा, एवढेच विचारतात. १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती लागते. पहिल्या वेळी मी तो अर्ज उभ्याउभ्या भरून टाकला होता. पण नंतर स्तेपान पोदलुब्नी या तरुणाच्या १९३० च्या दशकातल्या रोजनिशीविषयी वाचले आणि कोऱ्या अर्जाकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. युक्रेनमधल्या एका शेतकरी कुटुंबातला हा मुलगा. वडिलांवर 'कुलाक' म्हणजे श्रीमंत शेतकरी असा शिक्का बसून त्यांची जमीन गेली, तेव्हा तो आईबरोबर मॉस्कोला आला आणि आपण कामगाराचा मुलगा आहोत असे कागदोपत्री दाखवून छापखान्यात कामाला लागला. त्या काळात नोकरी, शिक्षण, तरुण कम्युनिस्टांची संघटना, कुठेही जायचे तर प्रश्नावली भरावी लागे आणि तिच्यात जन्म कोणत्या वर्गात झाला, आईवडील क्रांतीपूर्वी काय करत होते, नातेवाईक परदेशात आहेत का, असे सगळे खोदून विचारलेले असे. स्टालिनने १९३५ मध्ये 'मुलगा बापासाठी जबाबदार नसतो' असे जाहीर केले होते, तरी रकाना गेला नाही. पोदलुब्नीच्या डोक्यावर सतत एकच भीती होती, की कोणीतरी आपले मूळ शोधून काढील. गुप्त पोलिसांनी त्याला ओळखीच्यांवर नजर ठेवायला लावले, पुढे भेद उघडा पडला, त्याचे वैद्यकीय शिक्षणही अर्धवट राहिले, आणि १९३७ च्या अखेरीस त्याच्या आईला अटक झाली.

हे वाचून लेबायमधल्या टेबलापाशी गेले की त्या अर्जात काय विचारलेले नाही तेच आधी दिसते. मी कुठून आलो, माझा व्हिसा कोणता, मी काय करतो, कोणाला मत देतो, यातले काहीही तिथे कोणी लिहून घेत नाही. क्लबात निवृत्त शिक्षक आहेत, विजेची कामे करणारे आहेत, इस्पितळातले डॉक्टर आहेत आणि ज्यांच्या कामधंद्याचा मला अजून पत्ता नाही असेही पुष्कळ आहेत. निकालाच्या कागदावर सगळ्यांचे फक्त मिनिट आणि सेकंद असतात. माणसाचे सगळ्यांदेखत मोजमाप होते, पण त्याने स्वतः होऊन मोजायला दिलेल्या गोष्टीचेच होते. परीक्षक म्हणून या सेवेला मी सर्वाधिक गुण देतो ते याच मुद्द्यावर.

या खेळाच्या पूर्वेतिहासातही दबक्या आवाजाचा एक काळ आहे, आणि तो वाचकांना रंजक वाटेल. घोडागाड्यांच्या त्या जमान्यात पोलीस आणि गाडीवाले सायकलस्वारांवर चिडलेले असत, म्हणून इथल्या राष्ट्रीय सायकल संघटनेने १८९० मध्ये सार्वजनिक रस्त्यावरच्या शर्यतींवर बंदी घातली. त्यातून फ्रेडरिक बिडलेक यांनी वाट काढली. ऑक्टोबर १८९५ मध्ये नॉर्थ रोड क्लबाची ५० मैलांची स्पर्धा अशी घेतली गेली की एकेक जण वेगळा सुटेल, आणि पाहणाऱ्याला शर्यत चालू आहे असे वाटणारच नाही. पुढची कित्येक वर्षे स्पर्धा भल्या पहाटे होत, स्वार गळ्यापासून पायापर्यंत काळे कपडे घालत, आणि सहभागींच्या यादीवर 'खासगी व गोपनीय' असे छापलेले असे. रस्त्यांनाही उघड नावे न देता अक्षर आणि आकड्यांच्या खुणा दिल्या गेल्या. त्या खुणा आजही चालतात. हल शहराजवळच्या वेगवान रस्त्याला सगळा देश 'व्ही ७१८' म्हणूनच ओळखतो. त्या लपवाछपवीमागे फार तर पोलिसांशी कटकट होण्याची धास्ती होती, सोव्हिएत माणसासारखी जिवावरची भीती नव्हती, हा फरक विसरून दोन्ही गोष्टी एका पारड्यात घालणे अन्यायाचे होईल. तरीही दडपण किती प्रकारचे असते आणि माणसे त्यात आपापले अंगण कसे राखतात, हे दोन्हीकडे पाहण्यासारखे आहे.

सोव्हिएत शहरांत ते अंगणही उरले नव्हते. सामायिक सदनिकेत, ज्याला तिथे 'कोम्मुनाल्का' म्हणत, एकेका खोलीत एकेक कुटुंब राही आणि स्वयंपाकघर, मोरी व संडास सगळ्यांत मिळून एक असे. दारावर यादी असे, की एक घंटा वाजली तर अमक्याकडे, दोन वाजल्या तर तमक्याकडे. संडासात प्रत्येक कुटुंबाचा वेगळा दिवा आणि त्याचे बटण ज्याच्या त्याच्या खोलीत. भिंतीवर संडासावर ठेवायची प्रत्येकाची वेगळी बैठक खिळ्याला टांगलेली. मुंबईच्या चाळीत वाढलेल्याला यातले पुष्कळसे ओळखीचे वाटेल. पण तिथे पातळ भिंतीपलीकडचा शेजारी गुप्त पोलिसांना लिहिलेल्या एका चिठ्ठीने आपले घर उद्ध्वस्त करू शकत असे, आणि एका खोलीला टपलेला शेजारी तसे करीतही असे. १९३७-३८ या दोनच वर्षांत सरकारी कागदपत्रांप्रमाणे ६ लाख ८१ हजारांहून अधिक माणसांना गोळ्या घातल्या गेल्या. घरोघरी अटक झालेल्या नातेवाइकाचा चेहरा फोटोतून कापून काढलेला असे, आणि मुलांना आजोबा कोण होते हे सांगितलेच जात नसे. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी लहान लहान स्वतंत्र सदनिका बांधायला घेतल्या, तेव्हा कुठे लाखो कुटुंबांना पाच-सहा चौरस मीटरचे का होईना, स्वतःचे स्वयंपाकघर मिळाले आणि त्यात नळ किंवा रेडिओ चालू ठेवून मोकळेपणी बोलता येऊ लागले. या कुटुंबांच्या आठवणी गोळा करण्याचे मोठे काम 'मेमोरियल' या संस्थेने केले. रशियन न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये ती बंद करण्याचा आदेश दिला आणि २०२२ च्या शांततेच्या नोबेलमध्ये तिला वाटा मिळाला. आपल्याकडे स्वस्तात मिळणाऱ्या, गुळगुळीत कागदावरच्या मराठी सोव्हिएत पुस्तकांवर माझ्या पिढीतले कितीतरी जण वाढले. त्या देशाविषयीची ती माया मनात असलेल्यांनी हे वाचन जरूर करावे, म्हणजे तिथल्या माणसांविषयीची माया कमी न होता तिला आधार मिळेल.

तिथे क्लबही खासगी नव्हते. 'दिनामो' हा क्रीडासंघ १९२३ मध्ये गुप्त पोलिसांच्या छत्राखालीच स्थापन झाला, तर त्याचा प्रतिस्पर्धी 'स्पार्टाक' उभा करणारे स्टारोस्टिन बंधू १९४२ मध्ये पकडले जाऊन छावणीत गेले. सोव्हिएत सायकलस्वार कागदोपत्री हौशी होते, पण पगार आणि सराव सरकारी. १९७२, १९७६ आणि १९८० अशा तीन ऑलिंपिकमध्ये १०० किलोमीटरच्या सांघिक टाइम ट्रायलचे सुवर्णपदक त्यांनीच नेले. त्यांच्या मेहनतीला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण हौशी म्हणजे काय, हे पाहायचे तर यॉर्कशरच्या बेरिल बर्टन यांच्याकडे पाहावे. त्या रुबार्बच्या शेतावर अंगमेहनतीचे काम करून सराव करत. १९६७ च्या जागतिक रोड शर्यतीत त्यांच्या मागे दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकावर सोव्हिएत संघाच्या दोन खेळाडू होत्या. त्याच वर्षी १२ तासांच्या टाइम ट्रायलमध्ये त्यांनी २७७.२५ मैल कापून पुरुषांचा विक्रमही मागे टाकला, आणि वाटेत पुरुषांत आघाडीवर असलेल्या माइक मॅकनमारा यांना गाठले तेव्हा जाताजाता त्यांच्या हातावर ज्येष्ठमधाची गोळी ठेवली. महिलांमध्ये तो विक्रम ५० वर्षे अबाधित राहिला. आमच्या लेबायमधली परंपरा ती ही.

उणिवा आहेत आणि त्या किरकोळ नाहीत. सर्वांत मोठी उणीव रस्त्याची. वेळ चांगली यावी म्हणून बरेच वेगवान मार्ग दुहेरी हमरस्त्यावर आखलेले असतात, आणि शेजारून ट्रक गेला की त्याच्या हवेने सायकल आत ओढली जाते. आमचा मार्ग तुलनेने शांत आहे, पण एका राउंडअबाउटवर मोटारी अंदाज चुकवतात आणि तिथे मार्शल, म्हणजे वळणावर उभा राहून लक्ष ठेवणारा स्वयंसेवक, नेहमी असतोच असे नाही. क्लबाने हे मनावर घ्यायला हवे. दुसरी उणीव खर्चाची. डिस्क व्हील म्हणजे आऱ्यांऐवजी सलग तबकडी असलेले चाक, एरोबार म्हणजे पुढे वाकून हात टेकायच्या दांड्या, अंगाला घट्ट बसणारा स्किनसूट आणि मागे निमुळते होणारे हेल्मेट यांनी मिनिटा-दीड मिनिटाचा फरक सहज पडतो, आणि हा फरक विकत घेता येतो. रोड सायकलींचा गट वेगळा केल्याने हा अन्याय बराच कमी झाला आहे आणि त्याबद्दल क्लबाचे कौतुक केले पाहिजे. तिसरी, आणि मला सर्वांत खुपणारी, म्हणजे बायका फार कमी येतात. लेबायला ना संडास ना कपडे बदलायची जागा. गावातल्या सभागृहाची किल्ली मिळवणे काही अवघड नाही आणि मोठ्या खुल्या स्पर्धांत तशी सोय असतेही. बेरिल बर्टनच्या देशात ही स्थिती शोभत नाही.

चहा मात्र उत्तम. स्पर्धा संपल्यावर टाइमकीपरच्या पत्नी मोठ्या थर्मासमधून ओततात आणि घरचा केक कापतात. कोणी किती मिनिटांत आला यावरून तुकड्याचा आकार ठरत नाही, आणि वाऱ्याविषयी जी चर्चा रंगते तीत शेवटचा आलेलाही तेवढ्याच हक्काने बोलतो.

एकंदरीत पाच पैकी चार तारे, आणि पाचवा संडासाची सोय झाली की. नव्याने जाणाऱ्यांनी आपल्या भागातल्या क्लबाला आधी विचारावे, कारण सदस्य नसलेल्यांना सगळीकडे सारखाच प्रवेश मिळतो असे नाही. पहिल्या खेपेला आहे ती सायकल घेऊन जावे, चाकांत हवा नीट भरावी, अर्धा तास आधी पोहोचून मार्ग एकदा सावकाश पाहून घ्यावा, आणि पहिले दोन मैल मुद्दाम हात राखून चालवावे. परत आल्यावर टेबलाकडे जाऊन क्रमांकाचे कापड द्यायचे आणि कागदावर आपल्या नावापुढे दुसरी सही करायची. रस्त्यावर कोणी राहिले नाही ना हे त्यावरूनच पाहतात, आणि ती सही नसेल तर वेळ कितीही चांगली आलेली असली तरी निकालात धरली जात नाही.